प्राणिशास्त्राच्या पदवीतून विच्छेदन गेले, हे योग्य झाले का?

धागाकर्ती: माझी मुलगी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकते. तिच्या जर्नलमध्ये झुरळाच्या चेतासंस्थेची सुबक आकृती आहे, पण ती संगणकावरच्या चित्रावरून उतरवलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले आणि २०१४ साली ते थांबवलेच. माझ्या वेळी मेणाच्या ट्रेमध्ये पाण्याखाली झुरळ टाचून, पाठीची कवचे कातरून, चरबीचे पांढरे पुंजके ब्रशने बाजूला सारले की चेतारज्जूची केसासारखी दुहेरी दोरी दिसायची, आणि ती न तोडता तिच्याखाली काळ्या कागदाचा कपटा सरकवायला मला तीन आठवडे लागले होते. हात तयार झाला तो तिथे. हे आजच्या मुलांना का मिळू नये?

एक प्राध्यापक: आपला अनुभव मी नाकारत नाही, कारण मीही तसाच शिकलो, परंतु पोत्यांत भरून आणलेले जिवंत बेडूकही मी पाहिले आहेत. भाताच्या खाचरांतले बेडूक कमी झाले की किडी वाढतात, या चिंतेतून देशाने १९८७ साली बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली, आणि तरीही वर्षानुवर्षे आपण सरावासाठी एक, परीक्षेसाठी एक असे बेडूक वापरतच राहिलो. ते कापणारी बहुतेक मुले पुढे बँकेत किंवा स्पर्धा परीक्षांकडे गेली. पावसाळ्यात मुलांना आंबोलीला नेऊन रात्री टॉर्चच्या उजेडात बेडकांचे आवाज ओळखायला लावले, तर त्यांना प्राणी अधिक कळतो, असे माझे ठाम मत आहे.

रत्नागिरीहून: सर, आवाज ओळखून सगळे काम होत नाही. मी मत्स्यसंशोधनात आहे. बांगड्याचे पोट उघडून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, किती पक्व झाली आहे ते पाहणे, डोक्यातला कानाचा बारीक खडा काढून त्यावरच्या वलयांवरून वयाचा अंदाज बांधणे, हे माझे रोजचे काम आहे, आणि यातले काहीही पदवीच्या तीन वर्षांत मला हाताने करायला मिळाले नाही. आपण आंबोलीचे नाव घेतलेत. तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडातल्या ज्या माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि ज्याच्यासाठी पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली, त्याची शास्त्रीय नोंद करण्यासाठीही नमुने गोळा करावेच लागले.

एक प्राध्यापक: संशोधकाने गरजेपुरते मोजके नमुने घेणे आणि प्रत्येक वर्गाने दरवर्षी तेच बेडूक पुन्हा कापणे, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही. बाजारातून आणलेल्या माशाला मात्र माझा विरोध नाही.

धागाकर्ती: बेडकाचा आग्रह मी सोडते, पोत्यांची ती आठवण मलाही आहे. झुरळाबाबत माझे मत बदललेले नाही. येत्या रविवारी बाजारातून बांगडे आणून मुलीला कल्ल्यांचे झाकण कसे उचलायचे ते घरीच दाखवीन.