विमानतळ 1939 चं की 2024 चं?

रंकाळावाला
काल एका शहाण्यानं इथं लिहिलं, "2024 च्या आधी कोल्हापुरात विमानतळ होतं कुठं? उजळाईवाडीच्या माळावर म्हशी चरायच्या." वर लोकांचे टाळ्यांचे इमोजी! अहो, 10 मार्च 2024 ला उद्घाटन झालं ते नव्या टर्मिनलचं. विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 मध्ये बांधलं, तेही संस्थानच्या काळात. पुढच्याच वर्षी महाराज गेले. त्यांचं नाव द्यावं म्हणून विधानसभेत ठराव व्हायला 2018 उजाडलं. माझं म्हणणं एवढंच, की टर्मिनलमध्ये या इतिहासाचं एक दालन करा. नुसत्या काळ्या दगडाच्या कमानी उभारल्या म्हणजे वारसा जपला असं होत नाही.

आयटीतला_भाऊ
दालन बघायला तिकीट काढून येऊ काय? 1939 चं मिरवता, मग मधल्या वर्षांचं काय? किंगफिशर कंपनीचं विमान आलं आणि गेलं. 2018 ला केंद्राच्या उडान योजनेत (लहान शहरांना विमानानं जोडायची योजना) विमान सुरू झालं तेव्हा कुठं जीव आला. मला वेळेवर सुटणारं विमान द्या, फोटो घरी बघतो.

रंकाळावाला
भावा, धावपट्टीची जागा आयती होती म्हणून तुझं विमान उतरतंय. नव्यानं जागा शोधायची म्हटली असती तर अजून मोजणीच चालली असती.

होटगी_रोड
दालनावरून भांडताय? नशीबवान आहात. आमच्या सोलापुरात विमानासाठी 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. माझे मामा सभासद. पडताना बघून आले आणि जेवले नाहीत. "औंदा ऊस कुठं घालायचा" एवढंच घोकत होते. आणि विमान कधी आलं? जून 2025, तेही गोव्याचं! चिमणी पाडून दोन वर्षांनी.

आयटीतला_भाऊ
ती चिमणी बेकायदा ठरली होती. विमानाच्या वाटेत उंच चिमणी ठेवायची आणि वर विमान का येत नाही म्हणून बोंबलायचं?

होटगी_रोड
कायदा आम्हाला शिकवू नका. सोलापूरजवळ बोरामणीला नवं विमानतळ करायचं म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, ते वनजमिनीवर अडलं. तिथं कोणाची चिमणी होती? सभासदाच्या पोटावर पाय ठेवायला मात्र सगळे एका रात्रीत तयार.

आयटीतला_भाऊ
एका रात्रीत? वर्षानुवर्षं वाद चालला होता! तुमच्या कारखान्यापायी अख्ख्या शहरानं वाट बघायची होय? सोलापूरची पोरं पुण्यात का येतात ते विचारा एकदा.

होटगी_रोड
पुण्यात येतात ती विमान नाही म्हणून नव्हे, काम नाही म्हणून. आणि तुम्ही पुण्यात बसून कोल्हापूरच्या विमानाची काळजी करताय, हे बरं आहे.

तामगावकर
चिमणी झाली असेल तर जरा इकडं बघा. धावपट्टी वाढवायची म्हणून आमचा नेर्लीकडं जायचा रस्ता बंद. शेतात वैरण आणायला वळसा घालून जायचं, डोक्यावर भारा घेऊन. तुम्ही दालन करा नाहीतर विमानं उडवा, आम्हाला आधी रस्ता द्या.

रंकाळावाला
तामगावकर दादा, रस्त्याचं पटलं. आयटीतल्या साहेबांचं मात्र नाही. बरं, तुमचंच खरं: आधी विमान, मग इतिहास. पण 2024 च्या आधी तिथं फक्त म्हशी होत्या असं पुन्हा लिहिलंत तर राजारामपुरीत गाठ आहे.

आयटीतला_भाऊ
ते मी लिहिलंच नव्हतं! आधी नाव तरी नीट वाचा. आणि 1939 मान्य, बास? आता मुंबईच्या तिकिटाचे दर कधी कमी होणार ते सांगा.

होटगी_रोड
गोव्याचं स्वस्त मिळेल. सोलापूरला या.