रोल पाहून स्क्रीन कापायची की काम पाहून?

जुना_अ‍ॅडमिन

परवा वाचलेल्या एका पोस्टमधला सल्ला डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय. सल्ला असा: "क्लाउडवरच्या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रोलला (पदाला) वेगळं अ‍ॅप आणि वेगळा लेआउट, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, द्या. सेल्सला सेल्सचं, अकाउंट्सला अकाउंट्सचं. ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही ते त्याला दिसताच कामा नये." त्याखाली रांगेने "अगदी बरोबर". मला मात्र राग आला, कारण असा पसारा मी तीन ठिकाणी निस्तरला आहे.

आधी हिशेब. सेल्सफोर्स या क्लाउडवरच्या विक्री-सॉफ्टवेअरमध्ये पेज लेआउट ठरतो तो प्रोफाइल (माणसाचा परवानगी-गट) आणि रेकॉर्ड टाइप (नोंदीचा प्रकार) या जोडीवर. 14 प्रोफाइल आणि 6 रेकॉर्ड टाइप असले की एका ऑब्जेक्टसाठी (ग्राहक, सौदा अशा एका तक्त्यासाठी) 84 खाने भरायचे. लाइटनिंग पेज, म्हणजे सेल्सफोर्सच्या नव्या रूपातलं पान, पुन्हा निराळं, तेही अ‍ॅप, रेकॉर्ड टाइप आणि प्रोफाइल पाहून नेमायचं. एक नवं फील्ड (माहितीचा रकाना) आलं की ते कुठेकुठे टाकायचं यावर अर्धा दिवस. वर्षभराने "सेल्स लेआउट नवा" आणि "सेल्स लेआउट नवा 2" यांत फरक काय, हे ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पण खरं दुखणं वेगळं आहे. माणसाचं काम त्याच्या पदात मावत नाही. एका ठिकाणी डिस्पॅच बघणारी बाई रजेवर गेली आणि तिचं काम सेल्समधल्या मुलाने घेतलं. परवानग्या तात्पुरत्या दिल्या, लेआउट सेल्सचाच राहिला. त्या लेआउटवर "उधारी थांबवली आहे" हा चेकबॉक्स नव्हता, कारण कधीतरी कोणीतरी ठरवलं होतं की सेल्सला त्याची गरज नाही. त्याने चार दिवस माल सोडला. ज्यांना सोडायचा नव्हता त्यांनाही सोडला. बोलणी त्याने खाल्ली. चूक मात्र स्क्रीन कापणाऱ्याची होती, आणि तो मीच होतो.

माझं म्हणणं एवढंच: रेकॉर्ड कुठल्या टप्प्यावर आहे आणि आत्ता काय काम करायचं आहे, यावर लेआउट बांधा. रोलचा विचार शेवटी.

विक्रीतला_गडी

साफ असहमत. तुम्ही अ‍ॅडमिन लोक मोठ्या स्क्रीनसमोर बसून बोलता. मी ग्राहकाच्या दारात उभा राहून फोनवर रेकॉर्ड उघडतो. आमच्याकडे आधी सगळ्यांना एकच लेआउट होता. ग्राहकाचा फोन नंबर शोधायला कर क्रमांक, बँकेचे तपशील, वॉरंटीचा इतिहास, मार्केटिंगची संमती असं सगळं अंगठ्याने ढकलत खाली जायचं. मग काय व्हायचं? नंबर मी स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करायचो आणि सिस्टिम उघडायचीच बंद केली. माझ्यासारखे सगळेच.

नंतर आलेल्या अ‍ॅडमिनने सेल्ससाठी वेगळा लेआउट केला. वर 8 फील्ड, बाकी सगळं दुसऱ्या टॅबमध्ये. त्या आठवड्यापासून मी भेटीच्या नोंदी तिथल्या तिथे भरायला लागलो. तुमच्या डिस्पॅचच्या गोष्टीत दोष रोलप्रमाणे लेआउट करण्याचा नाही, अर्धवट बदली करण्याचा आहे. परवानगी दिलीत तर लेआउटही द्यायला हवा होता.

लेखा_परीक्षण

दोघांनाही एक विचारते. "दिसताच कामा नये" हे वाक्य तुम्ही लेआउटबद्दल कसं काय चालवून घेता? लेआउटवरून फील्ड काढलं म्हणजे दार लोटलं, कुलूप लागलेलं नसतं. फील्ड लेव्हल सिक्युरिटी (फील्डगणिक परवानगी) उघडी असेल तर तेच फील्ड रिपोर्टमध्ये येतं, लिस्ट व्ह्यूमध्ये येतं, एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देणाऱ्या वाटेने) येतं. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्येही फॉर्मवरून लपवलेला कॉलम एक्सेलमध्ये काढता येतो, त्यासाठी कॉलमची सिक्युरिटी वेगळी लावावी लागते.

एका तपासणीत मार्जिनचं फील्ड "फक्त मॅनेजरला दिसतं" असं मला लेखी दिलं होतं. नुकत्याच लागलेल्या मुलीने स्वतःचा पहिला रिपोर्ट बनवला, कॉलमच्या यादीत मार्जिन दिसलं, तिने घेतलं आणि फाइल बाहेरच्या वितरकाला गेली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हे गुपित आहे. सिस्टिमनेही सांगितलं नाही.

रोल ही कल्पना मुळात परवानगीसाठी आली. फेरायओलो आणि कून या संशोधकांचा पेपर 1992 चा, त्यावर अमेरिकेत मानक झालं 2004 मध्ये. कोण काय करू शकतो एवढाच त्याचा विषय. स्क्रीनवर काय कुठे मांडायचं हा त्याचा विषय नव्हता. आपण ती कल्पना उचलून सजावटीला लावली आणि आता सजावटीलाच सुरक्षा समजतो.

जुना_अ‍ॅडमिन

लेखाताई, हे शब्दन् शब्द मान्य. गडीभाऊ, लेआउटही द्यायला हवा होता म्हणता, पण सेल्सफोर्समध्ये एका माणसाला प्रोफाइल एकच. परमिशन सेट (वरून जोडायच्या परवानग्या) कितीही द्या, त्यांनी पेज लेआउट बदलत नाही. चार दिवसांच्या बदलीसाठी त्याचं अख्खं प्रोफाइल बदलायचं का?

अंमलबजावणी_१२वर्षं

शब्दांचा घोळ आधी मिटवा, नाहीतर हा धागा कुठेच जाणार नाही. सेल्सफोर्समध्ये "रोल" म्हणजे कोणाला कोणाचे रेकॉर्ड दिसतात त्याची उतरंड. लेआउटशी त्याचा संबंध नाही, तो प्रोफाइलचा. डायनॅमिक्स 365 मध्ये फॉर्म सिक्युरिटी रोलला जोडतात आणि एकापेक्षा जास्त फॉर्म मिळत असतील तर वापरणारा स्वतः फॉर्म बदलून घेतो. मायक्रोसॉफ्टच्याच बिझनेस सेंट्रलमध्ये रोल सेंटर (सुरुवातीची स्क्रीन) प्रोफाइलवरून येतं, परवानग्या परमिशन सेटवरून, आणि माणूस आपल्या सेटिंगमध्ये जाऊन आपला रोल स्वतःच बदलू शकतो. म्हणजे त्या डिस्पॅचच्या मुलाने तिथे दोन क्लिकमध्ये समोरची स्क्रीन बदलली असती. तुमचा राग एका उत्पादनाच्या रचनेवरचा आहे. तो सगळ्यांवर काढू नका.

आणि रोलवरून स्क्रीन हे काल कोणाला सुचलेलं खूळ नाही. बिझनेस सेंट्रलच्या आधीच्या नॅव्ह 2009 ने क्लायंटचं नावच रोलटेलर्ड (रोलप्रमाणे बेतलेला) ठेवलं होतं. एसएपी कंपनीच्या फिओरी या स्क्रीन-डिझाइनच्या पाच तत्त्वांत "रोलवर आधारित" हे आहेच. इतक्या लोकांनी इतकी वर्षं काहीतरी पाहूनच हे केलं असेल.

सपोर्ट_डेस्क

फोनवर बसणाऱ्यांचं कोणी ऐकणार का? "उजवीकडे वर मंजुरीचं बटण दिसतंय?" "नाही." "तीन टिंबांवर दाबा." "टिंबं नाहीत." अशी पाऊण तास झटापट केल्यावर कळतं की त्यांच्या विभागाला कोणीतरी गेल्या महिन्यात वेगळा लेआउट दिलाय. मॅन्युअलमधली चित्रं अ‍ॅडमिनच्या स्क्रीनची. तशी स्क्रीन अ‍ॅडमिन सोडून कोणाकडेच नाही.

सगळ्यांना हुबेहूब एकच स्क्रीन द्या असं मी म्हणत नाही. पण सांगाडा एक ठेवा हो. बटणांची जागा, सेक्शनचा क्रम आणि नावं सगळीकडे तीच असू द्या. आत फील्ड कमीजास्त झाली तरी माणूस चुकत नाही. ऑफिस 2000 मध्ये कमी वापरलेले मेनू आपोआप लपायचे ते आठवतंय? लोकांना वाटायचं कमांड गेलीच. 2007 च्या रिबनबरोबर तो प्रकार संपला. वस्तू जागेवर हवी. कालच्या जागी आज सापडली की अर्धी तिकिटं (तक्रारी) येतच नाहीत.

विक्रीतला_गडी

सांगाडा एक ठेवा, हे चालेल. पण "सगळ्यांना एक" या नावाखाली आमच्यावर जे लादलं जातं त्याबद्दल बोलतोच आता. लाल चांदणी. अनिवार्य फील्ड. लीड (संभाव्य ग्राहकाची नोंद) उघडली की "स्पर्धकाचं नाव", "अंदाजे बजेट", "निर्णय घेणाऱ्याचं पद" सगळं अनिवार्य. पहिल्या फोनवर समोरचा स्वतःचं पूर्ण नाव सांगत नाही, तो बजेट सांगेल? सेव्ह होत नाही म्हणून मी टिंब टाकतो. सगळेच टाकतात.

आकडे_आणि_मी

अच्छा, तर ते तुम्ही! मी रिपोर्ट बनवते. स्पर्धकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर "." येतो. दुसऱ्यावर "माहीत नाही", तिसऱ्यावर "..". फोनच्या रकान्यात 9 हा आकडा दहा वेळा. हे साफ करण्यात माझे प्रत्येक महिन्याचे दोन दिवस जातात आणि मीटिंगमध्ये ऐकून मला घ्यावं लागतं की "तुझा डेटा चुकीचा आहे". माझा डेटा? तुम्ही जाणूनबुजून खोटं भरता आणि वर तक्रार करता.

विक्रीतला_गडी

खोटं हा शब्द मागे घ्या. जे मला माहीत नाही ते सिस्टिम मला विचारते आणि "माहीत नाही" हे उत्तर घेत नाही. मी करायचं काय, लीडच टाकायची नाही? मग म्हणाल लीड कमी आल्या.

आकडे_आणि_मी

"माहीत नाही" असा पर्याय यादीत द्या म्हणून मागायचं होतं. मागितलंत कधी?

विक्रीतला_गडी

दोन वर्षं मागतोय. उत्तर आलं: "तो पर्याय दिला तर सगळे तोच निवडतील." म्हणजे आमच्यावर विश्वास नाही हे आधीच ठरलेलं.

अंमलबजावणी_१२वर्षं

भांडण थांबवा, या अनिवार्यतेतच दोन-तीन जाती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. लेआउटवर अनिवार्य केलेलं फील्ड फक्त त्या लेआउटवर अडवतं. इम्पोर्टमधून (फाइलमधून एकगठ्ठा भरताना) रिकामं खुशाल आत येतं. फील्डवरच अनिवार्य केलं तर कुठूनही या, भरावंच लागतं, आणि ते प्रत्येक लेआउटवर येऊन बसतं. व्हॅलिडेशन रूलमध्ये (सेव्ह करतानाच्या तपासणीत) मात्र अट घालता येते. आकडेताई, मार्केटिंगने इम्पोर्ट केलेल्या लीडमध्ये तुम्हाला टिंबं सापडतात की रिकामे रकाने?

आकडे_आणि_मी

...रिकामे. पुष्कळच. म्हणजे चांदणी फक्त हाताने भरणाऱ्यालाच अडवते? हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ठीक आहे, "खोटं" हा शब्द मागे घेते. टिंबांचा राग मात्र तसाच आहे.

ट्रेनिंग_ताई

चांदण्यांवर माझंही एक. नव्या माणसांना शिकवताना मी पाहते, लाल चांदणी दिसली की ती फील्ड आधी भरतात आणि बाकीची सोडूनच देतात. "चांदणी नाही म्हणजे महत्त्वाचं नाही" असं मनात पक्कं बसतं. पत्ता अनिवार्य नव्हता तर एका पूर्ण तुकडीने पत्ताच भरला नव्हता. जितक्या चांदण्या वाढवाल तितकं बाकीचं रिकामं राहतं.

सपोर्ट_डेस्क

आणि फील्ड एका रोलच्या लेआउटवरून काढलेलं, व्हॅलिडेशन रूल मात्र सगळ्यांना लागू! मग "स्पर्धकाचं नाव भरा" असा एरर येतो आणि ते फील्ड स्क्रीनवर कुठेच नाही. असे फोन मला येतात. माणूस अक्षरशः रडकुंडीला आलेला असतो. लेआउट एकाने केला, रूल दुसऱ्याने, दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

जुना_अ‍ॅडमिन

धागा चांदण्यांवर गेला, पण माझा मुद्दा तिथेच येऊन उभा आहे. बजेट पहिल्या फोनला माहीत नसतं, प्रस्ताव पाठवताना माहीत असतं. मग प्रस्तावाच्या टप्प्याला ते फील्ड दाखवा आणि तिथेच अनिवार्य करा. सौदा हातचा गेला तरच "का गेला" विचारा. सेल्सफोर्सचे डायनॅमिक फॉर्म कस्टम ऑब्जेक्टसाठी (स्वतः बनवलेल्या तक्त्यांसाठी) 2020 मध्ये आले, तेव्हापासून फील्डगणिक अट घालता येते: टप्पा अमुक असेल तर दाखव. त्यासाठी 84 खाने लागत नाहीत.

अंमलबजावणी_१२वर्षं

आणि अटींचं जंगल होतं त्याचं काय? एका फील्डवर टप्पा, रेकॉर्ड टाइप, प्रोफाइल आणि कस्टम परमिशन (स्वतः बनवलेली परवानगी) अशा चार अटी मी पाहिल्यात. लेआउटची यादी निदान उघडून वाचता तरी येते. विखुरलेल्या अटी वाचायला पेज उघडून एकेका फील्डवर क्लिक करत बसावं लागतं. तुम्ही पसारा कमी नाही केलात, कपाटातून काढून पलंगाखाली ढकललात.

जुना_अ‍ॅडमिन

हे खरं आहे, आणि ते मान्य करताना मला त्रास होतोय. माझ्याकडेही एक पेज असं झालंय. म्हणून आता नियम केलाय: फील्डवर अट लावायची नाही, सेक्शनवर लावायची, आणि तीही टप्प्याची एकच. माणसामाणसांतला फरक लागलाच तर कस्टम परमिशनने. ती परमिशन सेटमधून देता येते, म्हणजे चार दिवसांच्या बदलीला चार दिवसांपुरती देता येते, प्रोफाइलला हात लावावा लागत नाही. गडीभाऊंचं फोनवरचं दुखणंही मान्य. फोनसाठी वेगळं छोटं पेज हवंच. पण ते फोन वापरणाऱ्या कोणालाही द्या, फक्त सेल्सला नाही. माल उतरवून घेणाराही उभा राहूनच काम करतो.

लेखा_परीक्षण

आणि गुपित फील्ड?

जुना_अ‍ॅडमिन

ती लेआउटच्या भरवशावर सोडायचीच नाहीत. फील्ड लेव्हल सिक्युरिटी, आणि कोणाला का दिली त्याची लेखी नोंद. "उधारी थांबवली आहे" मात्र सगळ्यांना दिसणार, बदलता येणार फक्त अकाउंट्सला. ज्या माहितीमुळे दुसऱ्याचं काम थांबायला हवं ती कोणापासूनच लपवायची नाही. माल सोडल्याच्या त्या चार दिवसांनंतर यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

विक्रीतला_गडी

दिसू दे, पण वर एका ओळीत, लाल पट्टीत. पुन्हा 30 फील्डच्या खाली नको. आणि "माहीत नाही" हा पर्याय यादीत येईपर्यंत टिंब टाकणं मी बंद करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आकडे_आणि_मी

तो पर्याय मी उद्या स्वतः मागते. रिपोर्टवाली मागतेय म्हटल्यावर तरी ऐकतील. पण एक गोष्ट कबूल करा: "माहीत नाही" निवडलेली लीड प्रस्तावाच्या टप्प्याला गेली की तिथे खरं नाव भरायचं. तिथे टिंब दिसलं तर रिपोर्टमध्ये मालकाच्या नावासकट दाखवीन.

विक्रीतला_गडी

प्रस्तावाच्या टप्प्याला भरीन. तेव्हा माहीत असतं.