बाँबर विमानातले सगळेच ‘वैमानिक’ का?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर जे हल्ले केले, त्यांवरचा एक दीर्घ लेख मराठीत आणतो आहे. ‘एअरक्रू’ (विमानातून उड्डाणाला जाणारे सगळे) या शब्दापाशी गाडी अडली. आतापर्यंत सरसकट ‘वैमानिक’ लिहीत आलोय. चालेल का? शिवाय ‘रेड’ला छापा म्हणावं, धाड की हल्ला? आणि ‘बाँबवर्षाव’ सगळीकडे शोभतो का?

उत्तर

‘वैमानिक’ चालणार नाही. कारण तुमच्याच लेखाच्या पहिल्या पानावर सापडेल.

४ सप्टेंबर १९३९. ब्रिटननं युद्ध पुकारून जेमतेम एक दिवस झाला होता. विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन युद्धनौकांवर पंधरा ब्लेनहाइम विमानं निघाली. ढग खाली उतरलेले, हवा वाईट. पाच विमानांना लक्ष्य सापडलंच नाही, ती परतली. उरलेल्या दहांपैकी पाच पडली. ‘अॅडमिरल शेअर’ या नौकेवर बाँब पडले, पण फुटले नाहीत. पडलेल्यांपैकी एक विमान सार्जंट आल्बर्ट प्रिन्स नावाचा कॅनडात जन्मलेला वैमानिक चालवत होता. तो दगावला. त्याच्याबरोबरचे दोघे, जॉर्ज बूथ आणि लॅरी स्लॅटरी, जिवंत जर्मनांच्या हाती लागले आणि या युद्धातले पहिले ब्रिटिश युद्धकैदी ठरले. पुढची जवळजवळ सहा वर्षं त्यांनी कैदेत काढली.

आता हे मराठीत ‘दोन वैमानिक कैद झाले’ असं लिहिलं, तर वाक्य चुकतं. त्या विमानाचा वैमानिक मेला होता. बूथ ऑब्झर्व्हर होता, म्हणजे मार्ग काढणारा आणि बाँब सोडणारा. स्लॅटरी वायरलेस सांभाळायचा आणि मशीनगनही चालवायचा. एका शब्दामुळे मेलेला कोण आणि वाचलेले कोण याचा घोळ होतो, आणि बिचाऱ्या दोघांचं काम पुसलं जातं ते वेगळंच.

शंका

व्युत्पत्तीकडे पाहा ना. ‘नौ’पासून नाविक, तसा ‘विमान’पासून वैमानिक. नाविक म्हणजे फक्त सुकाणू धरणारा नव्हे, जहाजावरचा कुणीही. मग विमानातल्या कुणालाही वैमानिक म्हणायला काय हरकत?

उत्तर

व्युत्पत्ती अगदी तुमच्या बाजूची आहे. शब्द रुळला त्या काळातच त्याचा अर्थ रुंद राहिला असता तर आज ही चर्चाच करावी लागली नसती. पण वापरानं तो ‘पायलट’ला बांधून टाकलाय. वर्तमानपत्रात ‘वैमानिकानं प्रसंगावधान राखलं’ असं वाचल्यावर मागे बसून मशीनगन चालवणारा गनर कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. कोकणात होडीवर तांडेल वेगळा आणि खलाशी वेगळे. खलाशाला कुणी तांडेल म्हणत नाही. तो फरक विमानातही पाळायला हवा.

आणि त्या काळात हा फरक पदाचा आणि पगाराचाही होता. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश बाँबरमधले बरेचसे गनर मूळचे तळावर काम करणारे साधे शिपाई होते. स्लॅटरीही अगदी खालच्या पदावरचा. उड्डाण करणाऱ्याला किमान सार्जंटचं पद द्यायचं, हा नियम १९४० च्या मध्यावर आला.

आपल्याकडच्या हवाई दलाच्या इतिहासात अशा साध्या शिपायांसाठी एक फार सुंदर शब्द आहे: हवाई सिपाही. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा पाच भारतीय अधिकारी वैमानिक आणि त्यांच्यासोबत एकोणीस हवाई सिपाही होते. हीच स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात गेली. लायसँडर हे खरं तर सैन्याला टेहळणीत मदत करणारं, दोघांच्या बसण्याचं विमान. त्याला बाँब अडकवून आपल्या लोकांनी थायलंडमधल्या जपानी विमानतळांवर हल्ले चढवले. भारतीय संदर्भ असेल तिथे ‘हवाई सिपाही’ हा शब्द जरूर वापरा, तो हक्कानं आपला आहे. ब्रिटिशांच्या लेखात मात्र तो घुसवू नका.

प्रश्न

मग लिहायचं काय? ‘चालक दल’ एसटीच्या आगारातलं वाटतं, ‘विमान कर्मचारी’ म्हटलं की प्रवासी विमान आठवतं.

उत्तर

तांत्रिक वाक्यात सरळ ‘क्रू’ लिहा, मराठीत तो पचलाय. पण वाहत्या गोष्टीत मराठीची स्वतःची सोय जास्त चांगली आहे: तिघे, चौघे, पाच जण. ब्लेनहाइममध्ये सहसा तिघे. हॅम्पडनमध्ये चौघे, तेही इतक्या अरुंद जागेत की जखमी वैमानिकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्यानं बसणं जवळपास अशक्य. व्हिटलीमध्ये पाच जण. ‘विमानातले चौघेही बेपत्ता झाले’ या वाक्यात काय कमी आहे? ज्याचं काम सांगायचं असेल त्याला वेगळा काढा.

हॅम्पडनवरून जॉन हॅनाची गोष्ट सांगायलाच हवी. सप्टेंबर १९४०, अँटवर्पवरचा हल्ला. जर्मनांनी इंग्लंडवर उतरण्यासाठी जमवलेल्या पडावांवर (सपाट तळाच्या मोठ्या होड्यांवर) बाँब टाकायचे होते. विमानाला गोळे लागून आत आग भडकली. दोघांनी पॅराशूटनं उड्या घेतल्या. अठरा वर्षांच्या हॅनानं आग विझवायची नळकांडी रिकामी केली, मग नोंदवहीनं आणि शेवटी हातांनी ज्वाळा झोडपून विझवल्या. भाजलेल्या अवस्थेत तो पुढे वैमानिकापर्यंत गेला आणि दोघांनी विमान घरी आणलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो वायरलेस ऑपरेटर आणि गनर होता. त्याला ‘शूर वैमानिक’ म्हणणं मला तरी जिवावर येतं.

गनरला प्रतिशब्द शोधत बसू नका. ‘गोलंदाज’ हा मराठ्यांच्या फौजेतला अस्सल शब्द, पण तो आता क्रिकेटनं नेला. ‘तोफची’ला तोफ लागते. ‘बंदूकधारी’ म्हटलं की बातमीतला हल्लेखोर. गनरच बरा.

छापा, धाड, हल्ला

छापा म्हणजे थोड्या माणसांनी अवचित जाऊन, काम उरकून परत फिरणं. शाइस्तेखानावरचा लाल महालातला छापा आपल्याला पाठ आहे. थोडी विमानं, ठरलेलं लक्ष्य, लगेच परत, हे ४ सप्टेंबरच्या उड्डाणात सगळं आहे. तिथे छापा शोभतो. धाडीला लुटालुटीचा आणि आता आयकर खात्याचा वास आहे, ती टाळा. १८ डिसेंबर १९३९ ला हेल्गोलँडच्या आखातावर २२ वेलिंग्टन बाँबर विमानं भरदिवसा गेली आणि जर्मन लढाऊ विमानांनी गाठून त्यांतली १२ गारद केली. या घटनेला आकाशातली लढाईच म्हणावं लागेल. गनर होते, पण त्यांच्या मशीनगन बाजूला पुरत्या वळत नव्हत्या. शत्रू नेमका बाजूनं आला. या तडाख्यानंतर ब्रिटिश हळूहळू रात्रीच्या हल्ल्यांकडे वळले.

आणि युद्धाच्या पहिल्याच रात्री दहा व्हिटलींनी जर्मनीवर टाकली ती निव्वळ पत्रकं. त्याला हल्ला कसं म्हणणार? ‘पत्रकं टाकली’ एवढंच पुरे.

‘बाँबवर्षाव’ १९४३ च्या हाम्बुर्गसाठी राखून ठेवा. १९३९–४० मध्ये मूठभर विमानं, प्रत्येकात थोडे बाँब. तिथे ‘बाँबफेक’ हाच नेमका शब्द. शिवाय फेकलेलं लागतंच असं नाही, हेही त्यात येतं. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालानं छायाचित्रं तपासून दाखवलं, की लक्ष्य गाठल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती.

प्रश्न

‘मिशन’ला मोहीम?

उत्तर

नको. मोहीम महिनोन्‌महिने चालते. ब्रिटिश लोक एका उड्डाणाला ‘ऑप’ म्हणायचे, ‘मिशन’ हा अमेरिकनांचा शब्द. दोन्हींना ‘कामगिरी’ बसतो: ‘त्या रात्री तो दहाव्या कामगिरीवर गेला.’ आणि न परतलेल्यांसाठी बखरीतलं क्रियापद हाताशी आहेच: कामी आले. बाँबर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर विभागाचे, ५५ हजारांवर लोक युद्धात कामी आले. इथेही ‘लोक’ लिहा, ‘वैमानिक’ नको.