धडा घडाघडा वाचतात, पण गोष्ट कळत नाही

खानापूरची शिक्षिका: मराठी शाळा, चौथीचा वर्ग. निम्म्या मुलांच्या घरी कन्नड. वाचताना अडखळत नाहीत, गाळलेल्या जागाही अचूक भरतात. ‘ती परत का गेली?’ विचारलं की मात्र धड्यातलं एखादं वाक्य वाचून दाखवतात. शब्दार्थ वाढवू का?

बेळगावकर: बाई, नुसत्या शब्दार्थांनी भागणार नाही. व्हॅन डाइक आणि किंच या अभ्यासकांनी १९८३ मध्ये आकलनाचे तीन थर मांडले: नेमके शब्द, त्यांचा आशय आणि वाचकाच्या मनात उभा राहणारा प्रसंग. गाळलेल्या जागा पहिल्याच थरावर भरून होतात, ‘का’ तिसऱ्यात सापडतो. हे देऊन बघा:

‘रखमाने भाताचं पोतं नदीपलीकडे ठेवलं. साकव ओलांडून ती घरी आली. पाऊस सुरू झाला. ती तशीच मागे पळाली.’

भात भिजेल असं कुठेच लिहिलेलं नाही. पोतं पलीकडेच राहिलंय हे ज्याच्या ध्यानात आहे, त्यालाच ते सुचेल. कन्नड घरच्या मुलाला कन्नडमध्ये सांगू द्या. नीट सांगितलं तर गोष्ट कळलीय, फक्त मराठीत मांडता येत नाही. तिथेही अडला तर आधी ‘साकव’ माहीत आहे का ते बघा, मग कारणाकडे वळा.

निपाणीकर: पाटीवर नदी, साकव, घर काढायचं आणि वाक्यागणिक दोन चिंचोके सरकवायचे, एक रखमा, एक पोतं. पोत्याचा चिंचोका रखमाबरोबर घरी आला, की चूक नेमकी कुठे झाली ते लगेच दिसतं. ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लहान मुलांना वाचता वाचता खेळणी हलवायला लावली होती, आकलन सुधारलं.

खानापूरची शिक्षिका: प्रत्येक वाक्याला थांबलं तर गोष्टीची मजाच जाते हो.

बेळगावकर: चिंचोके पहिल्या दोन-तीन छोट्या उताऱ्यांपुरतेच. नंतर वेळ, जागा, पात्र किंवा पात्राचा हेतू बदलला तिथेच थांबा. ‘दुसऱ्या दिवशी’ आलं की वाचणारा एरवीही क्षणभर रेंगाळतो, कारण मनातला प्रसंग नव्याने मांडावा लागतो. धड्यात अशा तीन-चार जागा पुरतात. तिथे ‘आता कोण कुठे आहे, त्याला काय हवंय?’ एवढंच विचारा.

नकाशाचा सोस मात्र नको. मोठी माणसंही गोष्ट वाचताना घरादारांची बारीक मांडणी मनात ठेवत नाहीत, कथानक त्यावर अडलं असेल तरच ठेवतात. रखमाच्या लुगड्याचा रंग विचारण्यात तर काहीच हशील नाही.