संथ सिनेमा दीडपट वेगाने पाहिला तर नेमकं काय बिघडतं?

दुसरं_रीळ

संथ सिनेमा १.५ वेगाने पाहणं म्हणजे घोर पाप, असं जागतिक सिनेमावाल्यांनी ठरवूनच टाकलंय. मला हे पटत नाही. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा 'जान दिलमान' (१९७५) २०१ मिनिटांचा आहे. तीन दिवस, एक विधवा बाई, तिचं स्वयंपाकघर, तिचा मुलगा आणि रोज दुपारी येणारं एक गिऱ्हाईक. दीडपट वेगाने हा सिनेमा १३४ मिनिटांत संपतो. कॅमेरा तर जागचा हलतच नाही. मग हातून गेलं काय?

एक, सगळंच दीडपट झालं की शॉट्सचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. दहा सेकंदांच्या शॉटपुढे तीन मिनिटांचा शॉट तेव्हाही तितकाच लांब वाटतो. मेंदू थोड्या वेळात जुळवून घेतो.

दोन, 'दिग्दर्शकाचा वेग' कधीच सोवळ्यात नव्हता. युरोपातल्या टीव्हीवर आणि डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचे (म्हणजे २४ चित्रांचे) चित्रपट सर्रास २५ वर चालवले जायचे. म्हणजे ४ टक्के जलद. जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' १३६ मिनिटांचा, तो तिथे १३१ मिनिटांच्या आत उरकायचा. मूकपटांचं तर विचारूच नका. १६ फ्रेमने चित्रित केलेला मूकपट २४ ने दाखवला की झाला बरोब्बर दीडपट!

तीन, लांब शॉट ही आता महोत्सवांतली पाट्या टाकायची पद्धत झालीये. पाठमोरा माणूस चालतोय, चौकटीबाहेर गेला, तरी कॅमेरा वीस सेकंद रिकाम्या भिंतीकडे बघत उभा. याला ध्यान म्हणतात, पण यात ध्यान कसलं?

उकडलेले_बटाटे

नेमका चुकीचा सिनेमा उदाहरणाला घेतलात. पहिल्या दिवशी जानचं प्रत्येक काम शिस्तीत चालतं. खोलीतून निघताना दिवा बंद. पैसे सूपच्या भांड्यात, वर झाकण. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काहीतरी बिनसतं. झाकण उघडंच राहतं, केस विस्कटलेले, बटाटे जास्त शिजून वाया गेलेले. ते पातेलं हातात घेऊन ती घरात फिरते, त्याचं करायचं काय हे तिला सुचत नाही. मग नवे बटाटे आणून सोलायला बसते. कॅमेरा समोर, कट नाही. सुरी मधेच थबकते, मग नको तेवढ्या जोराने साल काढते, पुन्हा थबकते.

घाई हेच त्या सिनेमाचं कथानक आहे. १.५ वर पहिल्या दिवशीची शांत बाईही घाईतच दिसते. मग दुसऱ्या दिवशी ती घाईत आली हे कळणार कशावरून?

दुसरं_रीळ

प्रमाणावरून! पहिला दिवस दीडपट, दुसराही दीडपट. फरक तेवढाच राहिला.

चोवीस_फ्रेम

नाही राहत. शॉटची लांबी प्रमाणात राहते, वजन राहत नाही.

वस्तू खाली पडते तेव्हा तिचा वेग ठरावीक दराने वाढतो आणि हा दर आपल्या डोळ्यांना जन्मभराच्या सवयीने पाठ असतो. चित्र १.५ पट वेगाने चालवलं की पडणारी वस्तू १.५ च्या वर्गाने, म्हणजे २.२५ पट गुरुत्वाकर्षणाखाली पडल्यासारखी दिसते. आपण गणित करत नाही, पण वस्तू हलकी, छोटी, खेळण्यातली वाटते. छोट्या प्रतिकृती वापरून पूर किंवा स्फोट चित्रित करताना कॅमेरा जास्त फ्रेमने चालवतात तो याच्या उलट परिणामासाठी. ते चित्रण २४ ने दाखवलं की वेग उतरतो आणि प्रतिकृतीला वजन येतं.

आता हंगेरियन दिग्दर्शक बेला तारचा 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) घ्या. अडीच तासांच्या आसपासचा सिनेमा, शॉट फक्त ३०. मुलगी भणाणत्या वाऱ्यात विहिरीवर जाते, बादल्या भरून घरी आणते. पाण्याच्या हिंदकळण्यावरून आणि तिच्या प्रत्येक पावलावरून बादली किती जड आहे ते आपल्याला कळतं. १.५ वर तीच मुलगी रिकाम्या बादल्या घेऊन तुरुतुरु चालते. संपूर्ण सिनेमा उभा आहे त्या ओझ्यावर.

आणि मूकपटांचा दाखला तुमच्यावरच उलटतो. १६ चं २४ केल्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्यांचा समज झाला की मूकपट म्हणजे फुदकत चालणारी माणसं. शोकांतिका बघताना लोक हसायचे.

मधली_रांग

बादल्या मान्य. पण सगळ्या संथ सिनेमात बादल्या नसतात. मणि कौलच्या 'उसकी रोटी'त २८ आणि १३५ मिलिमीटर अशा दोन भिंगांवर मोठा खेळ उभा केलाय. एकीकडे सगळं खोलवर स्पष्ट, दुसरीकडे पार्श्वभूमी पुसट आणि चपटी. हा फरक वेगाने जात नाही. ओझूचा जमिनीलगतचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचं भिंगही कोणत्याही वेगात तिथेच असतं. चौकट, भिंग, रंगसंगती यांचा अभ्यास करायचा असेल, तर दुसऱ्यांदा बघताना वेग वाढवण्यात मला गैर दिसत नाही.

उकडलेले_बटाटे

दुसऱ्यांदा बघताना काय वाट्टेल ते करा. वाद पहिल्या बघण्याचा आहे.

चोवीस_फ्रेम

थोडं यंत्राबद्दल, कारण त्याचा विचार कोणी करत नाही.

बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतात. २४ फ्रेम ६० मध्ये समान बसत नाहीत, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवली जाते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा जो बारीक झटका जाणवतो तो यामुळे. १.५ वर होतात ३६ फ्रेम. त्यातल्या २४ दोनदा आणि १२ एकदाच दिसतात, म्हणजे झटके राहिलेच. गंमत म्हणजे १.२५ वर ३० फ्रेम होतात आणि प्रत्येक बरोबर दोनदा दिसते. त्यामुळे घाई करायचीच असेल तर १.२५ वर थांबा. १२० वाल्या पडद्यावर मात्र मूळ वेगही समान बसतो, प्रत्येक फ्रेम पाच वेळा.

आवाजाचं जास्त बिघडतं. पट्टी चढू नये म्हणून प्रणाली आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे तुकडे करते आणि ते एकमेकांवर सरकवून जोडते. बोलणं निभावतं. पण घड्याळाची टिकटिक, बशीवर चमचा, लाकडी जमिनीवरचं पाऊल असे टोकदार आवाज बोथट होतात किंवा दुहेरी उमटतात. संथ सिनेमात संवाद कमी आणि हेच आवाज जास्त.

जाता जाता: टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग' बंद करा. ती फ्रेमांच्या मधल्या फ्रेम स्वतःच रचते आणि रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या सिनेमाचीही टीव्ही मालिका होते. असली प्रक्रिया बंद ठेवणारा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र ताणू नका, १.३७ ची (रुंदी उंचीच्या १.३७ पट) चौकट तशीच असते.

खोचक

म्हणजे धागा 'पाहावं कसं' यावरून 'टीव्ही कुठला घ्यावा' यावर आला. छान. सबटायटलचं कोणी बोलेल का? साधारण १७ अक्षरं प्रति सेकंद हे वाचनाच्या वेगाचं चालू माप आहे. ४२-४२ अक्षरांच्या दोन ओळी म्हणजे पाच सेकंद. १.५ वर त्याच ओळींना मिळतात सव्वातीन. डोळा खालच्या पट्टीतच अडकतो, वरचा तीन-चतुर्थांश पडदा दिग्दर्शकाने उगाच भरला म्हणायचा.

दुसरं_रीळ

सबटायटलचा मुद्दा बोलपटांना लागू. संथ सिनेमात मुळात बोलतं कोण? तारकोव्हस्कीच्या 'नोस्टाल्जिया'तला (१९८३) मेणबत्तीचा शॉट घ्या. पाणी उपसलेल्या कुंडातून पेटती मेणबत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. सुमारे ९ मिनिटं, कट नाही, शब्द नाही. सहा मिनिटांत बघितलं तरी मेणबत्ती पोचतेच.

उकडलेले_बटाटे

पोचते, पण ती दोनदा विझते आणि तो दोन्ही वेळा मुकाट मागे फिरून पहिल्यापासून सुरू करतो, हे विसरलात. तिसऱ्या खेपेला तो कोटाच्या आडोशाने ज्योत जपत चालतो. ज्योत किंचित लवली की आपण श्वास धरतो, सावरली की सोडतो. १.५ वर ज्योत सतत फडफडते. वाऱ्याने लवली की वेगामुळे, हे ओळखताच येत नाही. धोका संपला की त्या शॉटमध्ये उरतो फक्त कुंडातून चालणारा एक माणूस, आणि मग तो तुम्हाला सहा मिनिटांतही कंटाळवाणाच वाटणार.

मधली_रांग

आन्येस वार्दाच्या 'क्लिओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन'मध्ये (१९६२) तर घड्याळच पडद्यावर आहे. गायिका वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट बघतेय आणि प्रत्येक प्रकरणाच्या आधी वेळ लिहून येते. पहिलं ५ वाजून ५ मिनिटं ते ५ वाजून ८. शेवटचं साडेसहाला संपतं. सिनेमा दीड तासाचा. तिची वाट आणि आपली वाट एकाच काट्यावर चालते. १.५ वर आपण तासाभरात मोकळे, ती दीड तास ताटकळत. इथे मी धागाकर्त्याच्या विरुद्ध.

पण त्यांचा तिसरा मुद्दा सगळेच टाळताहेत. बरेच लांब शॉट खरोखर पोकळ असतात. ओळखायचे कसे? शॉट सुरू झाला की चार गोष्टींवर लक्ष ठेवा: प्रकाश, आवाज, माणसाची जागा आणि आपल्याला असलेली माहिती. पहिल्या मिनिटानंतर चारांपैकी एकही हलली नाही आणि ती न हलणं हीच गोष्ट नसेल, तर शॉट मेलेला आहे. मात्र ही तपासणी मूळ वेगातच करावी लागते, ही अडचण आहे खरी.

खोचक

आणि मेलेला निघाला तर? वेग वाढवून मढं लवकर उठतं का? सरळ सिनेमा बंद करा. इराणी दिग्दर्शक किआरोस्तामी तर जाहीरपणे म्हणायचा की माझ्या सिनेमात डुलकी लागली तरी हरकत नाही. झोपा, पण पळवू नका.

दुसरं_रीळ

बादल्या आणि घड्याळ मान्य. मेणबत्ती निम्मी मान्य. पोकळ शॉटांबद्दल माझं मत तेच, आणि त्यांच्यासाठी यापुढे १.२५, कारण ३० फ्रेम समान बसतात हे आत्ताच इथे कळलं. ज्यांनी मला अडवायचं ठरवलं होतं त्यांनीच आकडा हातात दिला, त्याबद्दल चोवीस_फ्रेम यांचे आभार.

चोवीस_फ्रेम

१.२५ चा वर्ग १.५६. बादल्या अजूनही हलक्याच आहेत.