सामन्याच्या दिवशी सवलतीपेक्षा वेळेचे गणित पाहावे

बारमध्ये मोठा पडदा लावून बिअरवर सवलत दिली की क्रिकेट सामन्याच्या दिवशी टेबले आपोआप भरतात, हे मत मला अर्धेच पटते. पडदा हवाच, पण नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर तो आता बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा येते ते सामना नीट पाहता आला आणि खाणे वेळेवर मिळाले म्हणून. इंटरनेटवरून ॲपद्वारे दाखवलेले प्रक्षेपण सहसा डीटीएचपेक्षा काही सेकंद मागे असते, हा मुद्दा त्या मतात लक्षात घेतलेला नाही. शेजारच्या परमिट रूममध्ये विकेटचा जल्लोष झाला आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असेल, तर त्या चेंडूची सगळी उत्कंठा तिथेच संपते. अशा वेळी टेबलावरची मंडळी चिडून बिल मागवताना मी पाहिली आहेत. म्हणून डीटीएचच घ्यावे, आणि तेही व्यावसायिक जोडणीचे, कारण घरगुती जोडणी हॉटेलात चालत नाही.

आयपीएलमध्ये दोन डावांमधली विश्रांती जेमतेम २० मिनिटांची असते आणि तेवढ्यात सगळी टेबले एकदम ऑर्डर देतात. तेव्हा सोळाव्या-सतराव्या षटकातच वेटरने फिरून ऑर्डर घ्यावी आणि त्या रात्रीचा मेनू मसाला पापड, चणा कोळीवाडा अशा झटपट निघणाऱ्या पदार्थांपुरता ठेवावा.