शिडाच्या जहाजांचं मॉडेल करणाऱ्यांनी मासिक कोणतं वाचावं?

डोलकाठी

नवीन मंडळी विचारतात की जहाजांच्या स्केल मॉडेलिंगवरचं एखादं चांगलं मासिक सुचवा. उत्तरात बहुतेक वेळा चकचकीत कागदावरच्या मासिकांची नावं येतात. त्यांत पहिल्या पानावर किटच्या डब्यात काय निघालं त्याचे फोटो, शेवटच्या पानावर तयार जहाज, आणि मधलं काम गायब. यातून हाताला काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझा सल्ला : 'मॉडेल शिपराइट'चे जुने अंक शोधा. १९७२ पासून हे ब्रिटिश त्रैमासिक निघत होतं, २०१० पासून 'शिपराइट' नावाचं वार्षिक झालं, पुढे तेही थांबलं. आज चालू असलेल्यांत अमेरिकेच्या नॉटिकल रिसर्च गिल्डचं 'नॉटिकल रिसर्च जर्नल' घ्या. गिल्ड १९४८ सालची. फ्रेंच येत नसलं तरी 'नेप्च्युनिया' चाळा, ड्रॉइंग वाचायला भाषा लागत नाही.

चांगला लेख म्हणजे काय, ते हलच्या (जहाजाच्या मुख्य देहाच्या) फळ्यांवरून सांगतो. किटमध्ये सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या येतात. पण हलचा घेर मध्यावर सगळ्यांत मोठा आणि नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) कमी असतो. पट्ट्या तशाच चिकटवत गेलं, की पुढे त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक फ्रेमवरचा (हलच्या बरगडीवरचा) घेर मोजायचा, फळ्यांच्या संख्येनं भागायचा आणि त्या मापाला पट्टी तासायची. रुंदी मूळच्या निम्म्याखाली जायला लागली, की दोन फळ्यांच्या जागी एकच न्यायची. हे कोष्टक आणि ड्रॉइंगसकट देतं ते मासिक. 'पट्ट्या काळजीपूर्वक लावाव्यात' एवढं लिहून पुढे जातं ते जाहिरातपत्रक.

दोरखंड

सहमत नाही. फळ्यांचं जे सांगितलंत, ते आज बिल्ड लॉगमध्ये (मॉडेल करता करता ऑनलाइन टाकलेल्या नोंदींत) जास्त चांगलं शिकता येतं. तुमच्याच गिल्डचं 'मॉडेल शिप वर्ल्ड' हे फोरम उघडून बघा. एकेका जहाजाचे शेकडो फोटो, तेही पायरीपायरीनं.

मासिकातला लेख घासूनपुसून आलेला असतो. लेखकाची कुठली फळी उचलली गेली, ती त्यानं कशी भिजवून काढली, दुसऱ्यांदा वाफ किती वेळ दिली, हे लेखातून कापलं जातं. जागा मोजकी, संपादक तरी काय करणार? शिकणाऱ्याला मात्र नेमकं तेच हवं असतं. शिवाय लॉगमध्ये प्रश्न विचारता येतो. माझी फळी आज बसत नाहीये, तर मला उत्तर आज पाहिजे. त्रैमासिकाच्या पुढच्या अंकापर्यंत मी हल तसाच ठेवून बसू का?

डोलकाठी

दोरखंड, प्रश्न विचारण्याची सोय मोठी आहे, मान्य. पण उत्तर बरोबर आहे हे कोण तपासतं?

तुमच्या नावाचंच उदाहरण घ्या. ब्रिटिश आरमाराच्या जुन्या कागदांत दोराचं माप परिघाचं असतं, व्यासाचं नाही. बारा इंची दोर म्हणजे व्यास जेमतेम ३.८ इंच. १:४८ स्केलमध्ये (मूळच्या १/४८ मापात) तो साधारण २ मिलिमीटरचा होतो. बारा इंच हाच व्यास धरला, तर ६ मिलिमीटरच्या वर जातो आणि सगळं रिगिंग (डोलकाठ्या-शिडांचे दोर) बोजड दिसतं. अशी चूक लॉगमध्ये राहून जाते, खाली 'सुंदर काम' असे प्रतिसाद येतात आणि पुढचा माणूस तेच माप उचलतो. जाणता संपादक लेख छापण्याआधी लेखकाला विचारतो, की हे माप कुठून घेतलंत? मला त्या प्रश्नाचं मोल वाटतं.

जुनी_बखर

धागाकर्त्यांचा मुद्दा पटतो, पण 'जुने अंक शोधा' हा सल्ला सरसकट देऊ नका. 'वासा'चं बघा. १६२८ साली स्टॉकहोमला बुडालेलं हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं. पुढची कित्येक वर्षं समजूत अशी होती, की मागच्या बाजूची शिल्पं निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी होती. नंतर लाकडावर उरलेल्या रंगकणांची तपासणी झाली. पार्श्वभूमी लाल निघाली आणि शिल्पं नाना रंगांची. म्हणजे त्याआधीचा अंक समोर ठेवून कुणी आज 'वासा' रंगवलं, तर मन लावून केलेलं काम चुकीचं ठरेल. 'व्हिक्टरी' या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचंही तेच. रंगांच्या थरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तिचे पिवळे पट्टे बदलून फिकट गुलाबीकडे झुकणारा रंग दिला.

जुन्या अंकातली फ्रेमची ड्रॉइंग, गाठी, डेडआय (दोर ताणायचे भोकांचे लाकडी ठोकळे) ओवण्याची रीत घ्या, डोळे मिटून घ्या. रंग मात्र ताज्या संशोधनातूनच.

एकास_सातशे

या चर्चेत लाकडी जहाजांपलीकडे कुणी बघतच नाहीये, म्हणून लिहितो. पोलादी युद्धनौका प्लॅस्टिकमध्ये करणारे आम्हीही जहाजंच करतो. १९७१ मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी मिळून १:७०० ची वॉटरलाइन मालिका (पाण्याच्या रेषेवरचाच भाग असलेली जहाजं) आणली, तेव्हापासून या मापात केवढं काम झालंय! आमच्या कामाचं 'मॉडेल शिपराइट'मध्ये फारसं काही सापडत नाही.

आणि चकचकीत कागदाला नावं ठेवू नका. १:७०० मध्ये मीटरभर उंचीचा कठडा १.४ मिलिमीटरचा होतो. त्यावर रंगाचा एक जाड थर बसला तर फोटो-एचच्या (कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) सळ्या बुजतात. नांगराच्या भोकाखाली गंज कसा ओघळतो, करड्या रंगाच्या दोन छटांत फरक किती, हे कळायला चांगली छपाईच लागते. काळ्यापांढऱ्या रेषांच्या ड्रॉइंगमधून ते कसं कळणार? सर्वसाधारण प्लॅस्टिक मॉडेलिंगच्या मासिकात विमानं आणि रणगाडेच जास्त असतात, जहाज अधूनमधून येतं. पण जेव्हा येतं तेव्हा एअरब्रशचं काम जवळून बघायला मिळतं. मी तेवढेच अंक घेतो.

डोलकाठी

एकास_सातशे, धागा शिडाच्या जहाजांचा आहे म्हणून तुमची बाजू आली नाही. कागदाबद्दल माझी तक्रार नाही, मधल्या पायऱ्या गाळण्याबद्दल आहे. गंजाचे चार थर कोणत्या क्रमानं दिले ते लेखात असेल, तर ते मासिक मीही घेईन.

दोरखंड

परिघाचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून मासिकच हवं असं सिद्ध होत नाही. लॉगमध्ये अशी चूक दाखवणारे जाणकार मी पाहिलेत, आणि चूक दाखवल्यावर लेखक ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. छापलेल्या अंकातली चूक कायमची. दुरुस्ती पुढच्या अंकात कोपऱ्यात येते, आणि जुना सुटा अंक घेणाऱ्याला ती दिसतही नाही. माझं मत बदललेलं नाही.

नवी_होडी

मी पहिलंच मॉडेल करतेय, दोन डोलकाठ्यांचं ब्रिग. सगळं वाचून एवढंच विचारते, की जुने अंक घ्यायचे तर अख्खा संच घेऊ का? आणि अंकातला प्लॅन मोठा करून वापरला तर चालतो का?

जुनी_बखर

अख्खा संच अजिबात नको. आधी अनुक्रमणिका मिळवा, तुमच्या जहाजाचा प्रकार आणि शतक बघा, आणि ब्रिगच्या रिगिंगवरचे लेख असलेले सुटे अंकच घ्या. प्लॅन मोठा करता येतो, पण त्यावर स्केलपट्टी छापलेली असेल तरच. प्रत काढल्यावर ती पट्टी आडवी मोजा, मग उभ्या दिशेनं एखादं माहीत असलेलं माप ताडून बघा. स्कॅन करताना चित्र एकाच दिशेला ताणलं जाऊ शकतं. पान शिवणीत दबलं असेल तर तिथली फ्रेम अरुंद येते. दोन्ही मापं जुळेपर्यंत लाकडाला करवत लावू नका.